रविवारची चौकट

त्या रविवारी पा बहात्तर पायऱ्या चढले आणि एकदाही बसले नाहीत.

आमचं घर उतारावर, रस्त्याच्या बरंच खाली. चर्च वर, रस्त्याला लागून. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर पांना, माझ्या वडिलांना, असा थकवा आला होता की रात्रभर झोपूनही तो जात नसे. तीस वर्षं चर्चमध्ये ढोल वाजवलेला माणूस शर्टाची बटणं लावतानाही मध्येच थांबायचा. हॉस्पिटलातले लोक म्हणाले, या थकव्यावर व्यायाम करून बघा. काहींनी तो त्यांच्या डोळ्यांसमोर करायचा, काहींनी घरी. कुणाला जास्त गुण येतो ते त्यांना पाहायचं होतं. कुणी कुठे करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. पांची चिठ्ठी घरची निघाली. मी हिरमुसले.

"मग देखरेख तू कर, डिकी," व्यायाम शिकवणारी थनपारी म्हणाली. तिने एक वही दिली. रोजची एक चौकट.

मी केली. पहिल्या आठवड्यात बारा पायऱ्या, मग वीस. पा कठड्यावर बोटांनी ताल धरून चढत.

"तिकडे थनपारी दर दहा पावलांना शाब्बास म्हणते," ते कुरकुरत. "माझ्या नशिबी मेली जमादारीण."

"शाब्बास म्हटलं की तुम्ही बसाल. पाठ ताठ करा."

"एकदा म्हणून तर बघ."

"ढोल शिकवताना तुम्ही म्हणाला होतात मला?"

"तू तालच चुकायचीस, बाई!"

रविवारी आमच्याकडे कुणी काम करत नाही. पांच्या मते व्यायाम हे काम. म्हणून रविवारच्या चौकटी कोऱ्या. चर्चला जायला पायऱ्या त्याच, पण ते जाणं वेगळं, ते मोजायचं नाही.

त्या दिवशी मात्र ते वर पोचले आणि कठडा धरून माझी वाट पाहत उभे राहिले. मी मागे राहिले होते.

"लिही," ते म्हणाले.

"रविवार आहे."

"मग शाब्बास तरी म्हण."

"उद्या म्हणेन. उद्या परत चढून दाखवा."

ते हसले, कोट झटकला आणि आत गेले.

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात असताना ते गेले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. पायऱ्यांचा यात काही दोष नाही, असं डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. मला ते ठाऊकच होतं. त्या पायऱ्यांनीच त्यांना चर्चपर्यंत परत नेलं होतं, आणि आज पुन्हा चिठ्ठी काढायला सांगितली तर मी घरचीच मागेन.

मंगळवारी गल्लीतल्या तरुणांनी त्यांना त्याच पायऱ्यांवरून वर नेलं. धट्टीकट्टी मुलं, तरी दोनदा टेकली.

पुढच्या आठवड्यात थनपारी भेटायला आली. चहा झाल्यावर तिने संकोचत वही मागितली आणि पानं उलटली.

"रविवारी दांडी मारायचे होय?"

"दांडी नाही," मी म्हणाले. "चर्चला जायचे."

मी पेन घेतलं आणि शेवटच्या रविवारच्या चौकटीत लिहिलं: बहात्तर, न बसता. थनपारीने ते वाचलं आणि वही पिशवीत ठेवली.

तिला पोचवायला मी रस्त्यापर्यंत चढले. मला दम लागला. ती वळणाआड गेली. पांनी धरला होता तिथे मी कठडा धरला आणि खाली, पहिल्या पायरीपर्यंत पाहिलं.

"शाब्बास, पा," मी म्हणाले. "शाब्बास."