पुढच्यानं मागं बघायचं नाही

"आहेस?" शहाण्यानं विचारलं आणि काचेच्या कडेला हात लावून तो थांबला.

उत्तर आलं नाही. येणार कुठून? काचेच्या दुसऱ्या टोकाला माणूसच नव्हता. वरून यंत्राचा लोखंडी हात लोंबत होता, त्याच्या रबरी वाट्या काचेला घट्ट चिकटल्या होत्या आणि बटणांची पेटी शहाण्याच्याच गळ्यात होती. बटण दाबलं की काच उचलली जाणार होती. हा मात्र कान देऊन उभा.

"कुणाला विचारतोयस?" मुकादम म्हणाला.

कारखान्यात हशा पिकला. शहाण्याचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं बटण दाबलं, ते नेमकं चुकीचं निघालं आणि काच वर जायच्या ऐवजी खांबाच्या दिशेनं निघाली. मुकादमानं धावत येऊन यंत्र बंद केलं म्हणून ती वाचली.

"रोजचंच झालंय हे," मुकादम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. हसणाऱ्यांना त्यानं आधी कामाला लावलं, मग आवाज खाली आणला. "काउंटरवर बसतोस का? आरसे दाखवायचे, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायचे. बसून काम आहे. उद्या सकाळी सांग मला. यंत्र की काउंटर."

शहाण्यानं गळ्यातली पेटी काढून खुंटीला अडकवली. तिसरंही काहीतरी असतंच की, त्याच्या मनात आलं. घरी बसणं.

त्याला शहाणा हे नाव पडलं ते उंटामुळे. उंट म्हणजे त्याचा जोडीदार. ताडमाड उंच, लांब मानेचा, चालताना झुलणारा. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते, एकानं पुढं आणि एकानं मागं. उंच माणूस मागं असला की त्याला पुढच्याच्या डोक्यावरून वाट दिसते, म्हणून उंट मागं आणि हा बुटका पुढं. पुढच्यानं सांगत जायचं: उंबरा, वळण, दम, आणि काच खाली ठेवायच्या वेळी टेक. दिवसभर हा असा हुकूम सोडत चाललेला पाहून कुणीतरी म्हणालं, हा बघा उंटावरचा शहाणा. ते कायमचं चिकटलं. पुढं बायकोही लाडात आली की शहाणोबा म्हणू लागली.

काच उचलायची त्यांची रीत ठरलेली होती. पुढच्यानं विचारायचं, आहेस? मागच्यानं सांगायचं, आहे. ते ऐकल्याशिवाय काच केसभरही हलवायची नाही. आणि एकदा उचलली की पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर काच पिळली जाते, आणि पिळली गेलेली काच कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मागचा आहे, हे त्याच्या आवाजावरून मानून चालायचं.

"उगाच तोंडाची वाफ दवडतोस," उंट त्याला चिडवायचा. "तुझे खांदेच आधी बोलतात."

याच उंटानं त्याला एकदा घरी जेवायला नेलं होतं. वाढायला उंटाची धाकटी बहीण होती. शहाण्यानं त्या दिवशी इतकं खाल्लं की दुसऱ्या दिवशी काच उचलताना त्याला वाकता येईना. लग्न झालं. त्यानं फरक एवढाच पडला, की उंटाला साला म्हणायचा रीतसर हक्क मिळाला.

मग यंत्र आलं. त्याच्यासोबत स्वेच्छानिवृत्तीचा कागदही आला, आणि उंटानं त्यावर सही केली. शहाण्याला न विचारता, न सांगता. मुकादमाच्या तोंडून कळलं तेव्हा उंट सामानाची बांधाबांध करत होता. मुलीकडे जाऊन राहणार होता, दूरच्या गावी. शहाणा त्याला निरोप द्यायलाही गेला नाही.

काच दोघांच्या हातात असताना न सांगता आपलं टोक सोडणं, याहून मोठं पाप या धंद्यात नाही. उंटानं तेच केलं होतं. शेवटच्या वर्षी तर तो चहाच्या वेळीही गप्पच असायचा. कुणी विनोद सांगितला तर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचा. माणसाचं मन आधीच निघून गेलं होतं, शहाण्याला आता वाटे. तरी मधे एकदा न राहवून त्यानंच फोन लावला होता. उंटाच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, उचलला. बाबा झोपलेत म्हणाली. भर सकाळी.

त्याला उंटाची आठवण यायची. खूप यायची. आणि ती येते म्हणून त्याला स्वतःचाच राग यायचा.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको खिडकीपाशी भाचीशी फोनवर बोलत होती. हे रोजचं होतं. रोज बायको म्हणायची, दादाला दे ना जरा, आणि रोज दादा कुठंतरी गेलेला असायचा. शहाण्यानं चपला काढल्या, पाणी प्यायला, भांडं नेहमीपेक्षा जोरात ठेवलं.

"आलेत तुझे आतोबा," बायको फोनमध्ये म्हणाली. "तोंडावरून तरी आज कारखाना डोक्यावर घेऊन आलेले दिसतायत."

"मी सोडतोय नोकरी," शहाणा म्हणाला.

बायकोनं फोन कानापासून दूर केला. "काय?"

"उद्या सांगणार मुकादमाला. दे इकडे तो." त्यानं फोन घेतला. "ऐक गं. बापाला निरोप दे माझा. म्हणावं, आतोबांनी पण काम सोडलं. पण ते सांगून सोडतायत. टेक म्हणून सोडतायत. काच अधांतरी टाकून पळालेले नाहीत."

 

"आतोबा," भाची म्हणाली, "बाबांना ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"ऐकूच येत नाही. आता तर जवळजवळ काहीच नाही. इथं आल्यावर डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, हे काही आजचं नाही, बरीच वर्षं कमी होत आलंय. कानाला लावायचं यंत्र आणलंय, ते उशाशी पडून असतं. म्हणतात, त्यात नुसती खरखर येते."

शहाणा खाली बसला. बायकोनं खुणेनंच विचारलं, काय झालं?

"असं कसं?" तो म्हणाला. "रोज मी विचारायचो, तो रोज उत्तर द्यायचा. एकदा चुकला नाही."

"तुमचे खांदे बघून द्यायचे. उचलण्याआधी तुमचे खांदे वर येतात म्हणे. शेवटी शेवटी त्यांना भीती वाटायला लागली होती. एखाद दिवशी चुकलो तर काच शहाण्याच्या अंगावर जाईल म्हणायचे. म्हणून सही केली त्यांनी."

"मग मला सांगायला काय धाड भरली होती त्याला?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, त्याला कळलं तर तो मागं बघत चालेल." भाचीचा आवाज ओला झाला. "मला शपथ घातली होती, आतोबा. पण रोज आत्याशी खोटं बोलून मला आता घास उतरत नाही."

शहाण्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. बायकोनं सगळं पुन्हा ऐकलं. मधेच तिनं पदर डोळ्यांना लावला, मग भाचीला म्हणाली, "असेल तिथून उठव त्याला आणि चेहरा दाखव. झोपलाय म्हणालीस तर बघ."

थोड्या वेळानं पडद्यावर आधी छत दिसलं, मग लांब मान, मग चेहरा. उंट वाळला होता. शहाण्याला पाहून तो इतक्या मोठ्यानं ओरडला की फोन थरथरला.

"काय रे शहाण्या!"

"जेवलास का?" शहाण्यानं विचारलं.

"हो हो, हवा चांगली आहे इथली!" उंट ओरडला.

"मला सांगायचं होतंस रे."

"हो, हो!" उंट मान डोलवत राहिला. हसताना त्याचे डोळे शहाण्याच्या ओठांवर होते. ओठ थांबले की तो हसायचा. एवढ्या वर्षांत शहाण्याला हे कधी दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं? तो कायम पुढं होता.

त्यानं फोन बायकोकडे दिला. "धर जरा. उंच धर. माझी पाठ दिसली पाहिजे त्याला."

"अहो, काय चाललंय?"

"धर ना."

तो वळला. समोर घराचं उघडं दार होतं. त्यानं पाय जरा फाकवले, एक हात खाली आणि एक वर धरला, मधे काच असावी तसा. तोंडातून शब्द काढला नाही. बायको फोन उंच धरून मागं उभी होती. त्याचे खांदे हळूच वर आले.

"आहे," मागून आवाज आला.

शहाणा तसाच उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी पुसायला त्यानं हात सोडला नाही.

"सकाळी लवकर उठव मला," मागं न बघता तो बायकोला म्हणाला. "कामावर जायचंय."