कोपऱ्यावरचा घास

मी एक जुनी हातगाडी आहे. हातगाडीकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, मलाही तसंच वाटायचं. भाजी वाहायची, ऊन सोसायचं, कोणी चाकाला तेल दिलं तर बरं, नाही दिलं तर कुरकुरत चालायचं. पण गेल्या वर्षी माझ्यासमोर जे घडलं त्यानं मी अशी हादरले की माझ्या फळ्या अजून जागेवर आलेल्या नाहीत. म्हणून बोलते आहे. मी जरा फटकळ आहे, तेवढं चालवून घ्या.

वलगावच्या अब्दुल गफ्फार मिस्त्रींनी मला बनवलं. बाभळीची चौकट, जुन्या दाराच्या सागवानी फळ्या आणि सायकलची चार चाकं. माझा मालक शेषराव रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात येऊन बसायचा आणि माझ्यावरून हात फिरवत राहायचा. शेवटी मिस्त्री वैतागले. "शेषराव, गाडी होय ते, नवरी नाही," असं म्हणाले. शेषराव मिशीतल्या मिशीत हसला. काय सांगू त्या मिशीचं! अमरावतीच्या अर्ध्या बायका त्याला मिशीवाला म्हणूनच ओळखायच्या, नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेषराव मळ्यातली भाजी टेम्पोनं अमरावतीला आणायचा. पालक, मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मग आम्ही दोघं गल्लोगल्ली फिरायचो. दुपारी सावली बघून तो मला उभी करायचा, चाकाखाली वीट लावायचा आणि बायकोनं, शकुननं बांधून दिलेला डबा उघडायचा. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. भाकरीचा पहिला तुकडा तो स्वतः कधी खायचा नाही. तो माझ्या डाव्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे माय, तू आधी." मग जेवायचा. तुकडा चिमण्या न्यायच्या हे खरं, पण मान माझा होता. शकुन चिडवायची, "मले कधी पहिला घास देल्ला नाही, अन् लाकडाले देता."

त्याची दुसरी खोड मात्र शकुनला मुळीच आवडत नव्हती. थंडीत कुडकुडणारा माणूस दिसला की शेषराव अंगावरचं काढून देऊन मोकळा. किती शाली गेल्या, किती टॉवेल गेले. शेवटी शकुननं स्वतः हिरवं स्वेटर विणलं, हिरवी बटणं कमी पडली म्हणून मधलं लाल लावलं आणि बजावलं, "हे देल्लं कोणाले तं घरात घेणार नाही."

पुढे शेषरावला विसर पडायला लागला. एकाच बाईला दोनदा मेथी द्यायचा. टेम्पोतून भलत्याच गावी उतरायचा. मुलगा कुंदन म्हणाला, "बाबा, आता बसा घरी." शेषराव म्हणाला, "गाडी वाट पाहून राहिली असन." खरंच पाहत असायचे मी. आणि एका थंडीच्या सकाळी माझ्या चाकाखाली वीट लावून तो चहा प्यायला गेला, तो परत आलाच नाही. माझ्यावरच्या पालकानं ऊन चढताच मान टाकली. मी तिथेच उभी. वीट होती ना चाकाखाली, जाणार कुठे?

कुंदननं शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. बडनेरा झालं, अंजनगाव झालं, अकोला झालं. मग अकोल्याच्या बाजूला रुळाजवळ एक मृतदेह सापडल्याचा निरोप आला. चेहरा ओळखता येण्यासारखा नव्हता. अंगात हिरवं स्वेटर होतं, मधलं बटण लाल. कुंदननं ते पाहिलं आणि बाबाच आहेत म्हणून सांगितलं. बिचारा दुसरं काय पाहणार होता? अग्नी दिला, दिवस घातले. शकुननं कपाळ पुसलं. आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू दान देतात, छत्री, चपला, अंथरूण. शकुन म्हणाली, "गाडी बी द्या. यांचा जीव गाडीतच होता."

अशी मी दान झाले आणि 'ओसरी'त आले. ओसरी म्हणजे वलगाव रस्त्यावरची एक संस्था. नसीमबानो नावाच्या निवृत्त नर्सबाई ती चालवतात, सगळे त्यांना आपा म्हणतात. ज्याला घर नाही, ज्याला घरच्यांनी सोडलं, किंवा ज्याला आपलं घरच आठवत नाही, अशा मोठ्या माणसांची ती जागा. लहान पोर रस्त्यावर दिसलं तर चार लोक थांबतात. मोठा माणूस पडलेला दिसला की म्हणतात, हातपाय धड आहेत ना, मग काम करायला काय झालं? डोकंच जागेवर नसेल तर धड हातपाय घेऊन त्यानं काय करावं, हे कोणी सांगत नाही.

त्यांनी मला निळा रंग फासला आणि वर छत टाकलं. मला लोटायला चंद्रभान. हा स्वतः एकेकाळी बसस्टँडवर पडलेला असायचा. आपांनी त्याला बरं केलं, आता तो दुसऱ्यांना उचलतो आणि त्यांचे केसही कापतो. सकाळी निघताना माझ्यावर चहाची किटली आणि खिचडीचा गंज, म्हणजे तुमचं पातेलं, असायचा, येताना चालता न येणारं एखादं माणूस. वासाबद्दल मी बोलत नाही. सांबाराची सवय असलेली गाडी मी! पण आपांचं एक पाहण्यासारखं होतं. चहा द्यायच्या आधी त्या माणसासमोर खाली मातीत बसायच्या आणि विचारायच्या, "नाव काय जी तुमचं?" कितीतरी जण नुसत्या तेवढ्या प्रश्नानं रडायला लागायचे.

पावसाळा सरता सरता भातकुलीच्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी, एक माणूस पडलेला दिसला. केसांच्या जटा, अंगभर चिखल, पायाची जखम चिघळलेली. आपांनी नाव विचारलं. तो नुसता पाहत राहिला. चंद्रभाननं त्याला उचलून माझ्यावर ठेवलं आणि त्याचा हात माझ्या डाव्या कोपऱ्यावर पडला.

मित्रांनो, मी थिजले. तो हात मला ठाऊक होता. अंगठ्याखाली विळ्याचा जुना वण होता, मेथी कापताना झालेला, आणि त्या दिवशीचं रक्त माझ्याच फळीत मुरलेलं होतं. ज्याचं तेरावं झालं, ज्याच्या नावानं मी दान झाले, तो माणूस माझ्यावर पडून श्वास घेत होता! मला ओरडायचं होतं, अरे, हा शेषराव आहे, घरी कळवा. पण लाकडाला तोंड कुठलं? मी जीव खाऊन चाक कुरकुरवलं. चंद्रभान म्हणाला, "आपा, गाडीले तेल पाह्यजे."

आणि खरा घात पुढेच झाला. संस्थेत आणलेल्या माणसाला आधी आंघोळ, मग जखम धुणं, मग वस्तरा, ही तिथली रीत. उवा, फोड, काय काय असतं, म्हणून डोकं, दाढी, मिशी, सगळं साफ करतात. शेषरावची मिशी अंगणातल्या मातीत पडली आणि खालून मी कधी न पाहिलेला एक गुळगुळीत, गाल बसलेला म्हातारा निघाला. आता याला याच्या घरचेही ओळखायचे नाहीत, या विचारानं मी गारठले.

सगळे त्याला काका म्हणू लागले. औषधं सुरू झाली, जखम भरली, तो वाती वळायला शिकला. बोलत मात्र नव्हता. जेवण आत हॉलमध्ये असायचं, मी बाहेर अंगणात. दिवसभर तो माझ्या चाकाला टेकून बसायचा. निळ्या रंगाखाली मी आहे हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

आणि थंडीत वर्षश्राद्ध आलं. आपल्या माणसाच्या नावानं अशा संस्थेत जेवण देतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कुंदन, त्याची बायको वर्षाली आणि शकुन भांडी घेऊन आले. मी मनात म्हटलं, आता तरी ओळखतील. वर्षाली सरळ त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "काका, जराक सरका, गाडी लागते." तो सरकला. सुनेनं सासऱ्याला बाजूला सारून माझ्यावर सासऱ्याचा फोटो ठेवला आणि त्याला हार घातला. फोटोत ही भली मोठी मिशी. शकुननं फोटोवरून पदर फिरवला आणि डोळे पुसले. दोन हातांवर तो बसलेला होता, तिकडे तिनं पाहिलंही नाही. आपांनी त्या फोटोला हात जोडले, आणि त्याच माणसाला त्यांनी सकाळी औषध पाजलं होतं. मला वेड लागायचं बाकी राहिलं.

त्या दिवशी पंगत अंगणातच बसली. पहिलं पान गेलेल्याचं. उडदाचे वडे, खीर, कढी, भाकर. ते पान शकुननं माझ्यावर ठेवायला लावलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. कावळा काही येईना. माणूस जिवंत आहे म्हणून येत नसेल असं मला वाटलं. खरं तर अंगणात कुत्रं फिरत होतं. पंगत ताटकळली. कुंदन हात जोडून म्हणाला, "बाबा, काही राह्यलं असन तं सांगा." शकुन हळूच म्हणाली, "गाडी देल्ली म्हणून रागावले काय?"

तेवढ्यात काका उठला. भूक लागली होती त्याला, दुसरं काही नाही. तो माझ्यापाशी आला आणि त्यानं सरळ त्या पानातल्या भाकरीला हात घातला.

पंगत हबकली. कुंदन धावत आला, त्यानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि दुसरा हात उगारला. "माह्या बापाचं पान आहे ते. लाज नाही वाटत?"

काकानं त्याच्याकडे पाहिलं नाही. धरलेल्या हातातला भाकरीचा तुकडा त्यानं दुसऱ्या हातात घेतला. तोंडात घातला नाही. माझ्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

"घे माय, तू आधी," तो म्हणाला.

शकुनच्या हातातलं खिरीचं भांडं खाली आपटलं. ती त्या तुकड्याकडे पाहत राहिली, मग त्या हाताकडे. तिचा आवाज चढला नाही.

"कुंदन, हात खाली घे," ती म्हणाली. "तो तुहा बाप होय."

आपा होत्या तिथेच खाली बसल्या. कुंदनचा हात तसाच वर राहिला होता, तो कसा खाली आणायचा हेच त्याला समजत नव्हतं. शेषराव मात्र वडा खात होता. खाता खाता त्यानं वर पाहिलं, शकुनच्या तोंडाकडे, मग तिच्या कपाळाकडे.

"काहून वं शकुन, कपाळ रिकामं?" त्यानं विचारलं. "कोण गेलं?"

शकुननं हार काढला आणि फोटो पालथा घातला. मग तिनं विचारलं, "माहं स्वेटर कोणाले देल्लं तुमी?"

"थंडी वाजत होती त्याले."

"कोणाले पण?"

शेषरावनं डोकं खाजवलं. "नाव नाही इचारलं," तो म्हणाला.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. कुंदननं अग्नी दिला तो कोण? वर्षभर शकुन रडली ती कोणासाठी? कुठल्या तरी गावात कोणी तरी अजून दाराकडे डोळे लावून बसलं असेल, आणि त्यांचा माणूस दुसऱ्याच्या नावानं जळून गेला. पोलिसांत कळवलं. शोध चालू आहे म्हणतात. अजून काही कळलेलं नाही.

शेषराव घरी गेला. औषध चालू आहे, विसर आहेच. शकुनच्या कपाळावर पुन्हा कुंकू आलं. कुंदन संस्थेत येतो, मला लोटतो, पण बापाशी बोलताना अजून त्याची नजर खाली जाते. आपांनी रीत बदलली. आता आधी फोटो, मग वस्तरा. आलेला माणूस जसा आहे तसा, जटांसकट, मिशीसकट. आपांनी ते फार मनाला लावून घेतलं. आपण चेहरा धुतला की पुसला, असं त्या एकदा चंद्रभानला म्हणाल्या.

मित्रांनो, मी लाकडाची गाडी, माझं म्हणणं एवढंच आहे. रस्त्याच्या कडेला कोणी पडलेलं दिसलं तर नाक दाबून पुढे जाऊ नका. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, जवळ जा, पाणी द्या आणि त्याला त्याचं नाव विचारा. जिवंत आहे तोवर विचारा. मेल्यावर स्वेटर बोलतं, आणि ते खोटंही बोलतं.

यंदा त्याच तिथीला शेषरावच्या घरचे पुन्हा भांडी घेऊन आले. मला वाटलं होतं, आता कशाला येतील? शकुन म्हणाली, "तो बी कोणाचा तरी होताच ना." माझ्यावर पान मांडलं. फोटो नाही, हार नाही. शेषरावनं आधी माझ्या कोपऱ्यावर तुकडा ठेवला. मग त्या पानासमोर तो उकिडवा बसला, कोणी समोर बसलेलं असावं तसा.

"जेव बाबू," तो म्हणाला. "अन् जमलं तं नाव सांग. मागच्या टायमाले इचारायचं राहून गेलं."