मानेच्या पट्ट्याचं मनोगत

मी मानेचा एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. आत फोम, वर मऊ कापड, मागे चिकटपट्टी. कारखान्यात शंभर भावंडांबरोबर जन्मलो, तेव्हापासून एकच काम ठाऊक होतं. डोकं तोलून धरायचं.

एका आईच्या गळ्यात मी आलो. तिची गाडी सिग्नलला उभी असताना मागून दुसरी गाडी धडकली. तिचं डोकं मागे गेलं आणि चाबकासारखं पुढे आलं. "काही झालं नाही," असं ती त्या दिवशी सगळ्यांना सांगत होती. दुसऱ्या सकाळी मान उशीवरून उचलेना. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, पण आतले स्नायू दुखावले होते. डॉक्टरांनी मला दिलं आणि बजावलं, "चारच दिवस. मग हळूहळू मान हलवायची."

ते चार दिवस माझं फार कौतुक झालं. पाचव्या दिवशी तिनं मला काढायला हात घातला, तोच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. पुन्हा काही झालं तर बाळाला कोण घेणार?"

त्या मायेनंच बोलल्या. पण ती घाबरली. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं.

तीन आठवडे गेले. तिचं बाळ पाच महिन्यांचं. पाजताना तिला खाली बघताच येईना, मध्ये मी! मग ती हातात छोटा आरसा धरून त्याचं तोंड बघायची. बाळ माझी कड मुठीत धरून ओढायचं. एकदा आरशातल्या बाळाशी बोलता बोलता ती रडायलाच लागली. तिची मान लाकडासारखी ताठ झाली होती. आधार देता देता मी तिची ताकदच काढून घेतली होती, मित्रांनो.

शेवटी ती व्यायाम करून घेणाऱ्या ताईंकडे गेली.

"अजून गळ्यात? दागिना आहे का हा?"

"भीती वाटते हो, ताई."

"हाताला मुंग्या येतात? बधिर होतो?"

"नाही."

ताईंनी मान नीट तपासली. "मग काढा. थोडं दुखेल. पण हलवलीच नाही, तर दुखणं मुक्काम ठोकेल."

रोज थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. सासूबाईच आता मोजायला बसत. "हं, अजून एकदा. सावकाश, बाई माझी."

एका दुपारी मी पलंगावर पडून होतो. ती बाळाला पाजत होती. तिनं हनुवटी खाली नेली, थांबली, आणखी खाली नेली. बाळानं दूध सोडलं आणि वर पाहिलं.

"अगंबाई! पापण्या एवढ्या लांब कधी झाल्या रे तुझ्या?"

मित्रांनो, मानेला झटका बसला तर डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सांगितलं तरच मला बांधा, आणि किती दिवस तेही विचारून घ्या. तो दिवस आला की मला बेलाशक काढा. मला थोडं वाईट वाटेल. ते माझं मी बघून घेईन.