कुत्र्याच्या नावावर

गेली बावीस वर्षं मी भुंकतो. त्यावरच आमचं घर चालतं, आणि मुलीच्या लग्नात व्याह्यांना हे सांगताना माझ्या बायकोला घाम फुटला होता. दर रविवारी संध्याकाळी इथे जपानात टीव्हीवर जे कार्टून लागतं, त्यातला गोमा नावाचा काळा कुत्रा म्हणजे मी, तोबे. आणि गोमा ज्याच्या मागे मागे फिरतो त्या सात वर्षांच्या मोसुकेचा आवाज म्हणजे शिगेनो तोवाको, वय अडुसष्ट.

शिगेनो-सान जेमतेम माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो. एकोणतीस वर्षं त्या सातच्या आठ झाल्या नाहीत. मुळा शिळा निघाला तर भाजीवाल्याशी मोसुकेच्या आवाजात भांडतात, आणि तो बिचारा हसता हसता ताजा काढून देतो. मुळा कशाला, तर मधात मुरवून गळ्यासाठी खायला. ती बरणी त्यांच्या पिशवीत कायम असते आणि आम्हा सगळ्यांच्या घशाखाली त्यातली एकेक फोड सक्तीने गेलेली आहे.

प्रत्येक भागाच्या शेवटी मोसुके पूल ओलांडून धावत घरी येतो, दारात बूट भिरकावतो आणि ओरडतो, "आई, मी आलो!" हे ओरडताना शिगेनो-सानच्या डाव्या पायाची टाच आपोआप उचलली जाते. पडद्यावर बूट काढायचा मोसुकेने, टाच उचलायची यांनी. मी एकदा विचारलं होतं की कशाला. त्या म्हणाल्या, बूट न काढता घरात शिरू काय?

आमच्या तळघरातल्या स्टुडिओत माइक चार आणि माणसं बारा. आपलं वाक्य जवळ आलं की उठायचं, माइकपाशी जायचं, बोलायचं आणि मागे सरकायचं. मागे सरकणं म्हणजे माइक आता पुढच्याचा, हे कोणी तोंडाने सांगत नाही. चालताना पाऊल वाजता कामा नये, कपडे वाजता कामा नयेत, संहितेचं पान उलटलेलं ऐकू येता कामा नये. एवढं सगळं सांभाळता येतं. पोट तेवढं सांभाळता येत नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात, मोसुकेची आजी देवघरापुढे हात जोडून बसलेली असताना, कोणाचं तरी पोट असं काही गुरगुरलं की काचेपलीकडून ध्वनिदिग्दर्शक अकुने यांनी विचारलं, कोण ते? मी घाबरून म्हटलं, "माफ करा, गोमा होता."

पोट खरं म्हणजे शिगेनो-सानचं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या दिवसापासून मला तोबे सोडून गोमाच म्हणू लागल्या. तेव्हापासून आमच्या खोलीत रीतच पडली. पोट वाजो, खुर्ची करकरो, कोणाला शिंक येवो, सगळं कुत्र्याच्या नावावर. अकुनेंना खरं माहीत असतं, पण तेही "गोमाला आवरा" एवढंच म्हणतात आणि पुन्हा रेकॉर्डिंग घेतात.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र जे बिघडलं ते कुत्र्याच्या नावावर टाकण्यासारखं नव्हतं. सर्दी झाली, गेली, आणि जाताना शिगेनो-सानचा वरचा सूर घेऊन गेली. बाकी मोसुके ठीक होता, पण "मी आलो" म्हणताना आवाज मधेच फाटायचा. दोष त्यांनी आधी एसीला दिला, मग माइकला, मग माझ्या भुंकण्याला. डॉक्टरांनी ओरडायची मनाई केली होती, हे मला त्यांच्या नवऱ्याकडून कळलं.

अकुनेंनी सांभाळून घ्यायचं म्हणून आठ वर्षांपूर्वीची हाक जुन्या भागातून उचलून नव्या भागात चिकटवली. प्रेक्षकांना काही कळलं नाही. शिगेनो-सानना पहिल्याच अक्षराला कळलं. दुसऱ्या गुरुवारी, आमच्या रेकॉर्डिंगच्या वारी, त्या थेट काचेपलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, पोरगं आज शाळेत गेलं आणि आठ वर्षांपूर्वीचं घरी आलं, असं मी चालू देणार नाही. मार्चमधल्या, या हंगामाच्या शेवटच्या भागाची हाक मी इथे उभी राहून देईन. नाही जमलं तर पोरगं दुसऱ्याच्या हवाली करीन. अकुने मान खाली घालून बरं म्हणाले. एकोणतीस वर्षांचं पोर एका हाकेवर टांगलं गेलं.

पुढच्या गुरुवारी दाराजवळच्या खुर्चीत, जिथे सगळ्यात नवा माणूस बसतो तिथे, कोमोरी सायो नावाची चोवीस वर्षांची मुलगी येऊन बसली. शिकायला आलीय, असं सांगण्यात आलं. कशाला आलीय ते न कळण्याइतका आमच्यात कोणी भोळा नव्हता. त्यात तिने अंगात घातलेलं जाकीट असं, की नुसता श्वास घेतला तरी चिवड्याची पिशवी उघडल्यासारखं वाजायचं.

"अगं, तू ऐकायला आलीस की ऐकवायला?" शिगेनो-साननी विचारलं. पोरीच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. तेवढ्यात यांनी स्वतःचा जुना सुती स्वेटर काढून तिच्या अंगावर टाकला आणि बरणी पुढे केली. "खा. तोंड वाकडं करू नकोस, सगळ्यांनी खाल्लंय."

मग दर गुरुवारी, रेकॉर्डिंग संपल्यावर, दोघी मागे राहू लागल्या. मीही राहायचो, चप्पल सापडत नाही वगैरे कारणं काढून. सायोचा आवाज चांगला होता, चढायचा, लखलखायचा. शिगेनो-साननी तो ऐकून नाक मुरडलं. "तू लहान मुलाचा आवाज काढतेयस. त्याला काय पडलंय लहान दिसायचं? त्याला भूक लागलीय. आईला बोलवत नाहीय तो, जेवायला मागतोय." सायोने पुन्हा हाक दिली. पुन्हा नाक. तीन आठवडे हेच चाललं. मी एकदा हळूच म्हटलं, शिगेनो-सान, तुम्ही तुमचीच खुर्ची दुसऱ्याला सारून देताय. त्या म्हणाल्या, "कुत्र्याने माणसांच्या बोलण्यात तोंड घालू नये."

शेवटच्या भागाचा गुरुवार उजाडला. तालमीत शिगेनो-साननी हाक दिलीच नाही, नुसते ओठ हलवले. राखून ठेवतायत, असं आम्ही समजलो. मग खरं रेकॉर्डिंग सुरू झालं. पडद्यावर चित्रं अजून अर्धवट, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, पण त्या रेघांत मोसुके असा काही भांडला, रुसला, शेजारच्या काकूंना उलट बोलला, की मला वाटलं, बाई आज सगळ्यांना पुरून उरणार. आणि मी मनातल्या मनात हात जोडले, हे कबूल करतो.

मोसुके पुलावर आला. शिगेनो-सान तीन नंबरच्या, ठेंगण्या माइकपाशी उभ्या होत्या. पूल अर्धा झाला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आणि तो तसाच धरून त्या एक पाऊल मागे सरकल्या.

त्या माइकवरून, त्यांचं वाक्य शिल्लक असताना, त्या कधी मागे सरकल्या नव्हत्या. आम्ही अकरा जण थिजलो. दाराजवळची खुर्ची मात्र रिकामी झाली होती. सायो मोज्यांवर धावली, एकही फळी न वाजवता, आणि मोसुके दारात पोहोचायच्या आत माइकपाशी पोहोचली. तिची डावी टाच उचलली गेली.

"आई, मी आलो!"

भुकेलं पोरगं होतं ते. आमचंच होतं.

त्यानंतर गोमाने आनंदाने कुईकुई करायचं, असं लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं, पण कुई काही निघेना. त्या रिकाम्या क्षणात खोलीत एक हुंदका आला, लहानसा, नाकातून. माझ्या शेजारून.

दृश्य संपलं. काचेपलीकडून अकुनेंनी विचारलं, कोण ते?

शिगेनो-साननी कबुली द्यायला तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोललो. "माफ करा, गोमा होता."

मग अकुने म्हणाले, "कुत्रा रडतो का?"

"घरी कोणी आलं की रडतो," मी म्हटलं.

"मग राहू दे तसंच," ते म्हणाले.

सायो स्वेटरची घडी करून परत द्यायला आली, तेव्हा शिगेनो-सान पिशवीत काहीतरी शोधत होत्या, निदान तसं दाखवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. आणि येताना भाताचा गोळा खाऊन येत जा. तरी पोट वाजलंच तर हा गोमा आहेच." बरणीही त्यांनी तिच्याच हातात दिली.

भाग लागला त्या रविवारी, संपून पुरतं मिनिटही झालं नसेल, माझा फोन वाजला.

"पोरगं घरी आलं रे," शिगेनो-सान म्हणाल्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता, अडुसष्ट वर्षांचा, जरासा फाटका. "वेळेवर आलं."

"आलं," मी म्हटलं.

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि घसा खाकरला.

"कुत्रा मात्र जरा जास्तच रडला. चारचौघांत शोभतं का ते?"

"माफ करा," मी म्हटलं, "गोमा होता."