अकरा फळांची यादी

अमरावतीच्या त्या दैनिकात एक रीत होती: संपादकांचे मत जो पुराव्यानिशी खोडून काढील, त्यानेच त्या दिवशीचा अग्रलेख लिहायचा. रसायनशास्त्र सोडून पत्रकारितेत आलेली दीक्षा दोन वर्षे त्या संधीची वाट पाहत होती.

शेजारी देशाने संत्र्यांवरील आयातशुल्क दुप्पट केल्याची बातमी आली होती.

"हे वैर हाय. धडा शिकवा, असं लिहू," संपादक पंजाबराव बैठकीत म्हणाले.

"शुल्क फक्त संत्र्यांवरच वाढलं का, सर?" दीक्षाने विचारले.

"तुले काय वाटते?"

"वाटून काय उपयोग? विचारून घेऊ." तिने वरूडचे संत्र्यांचे व्यापारी धर्मेंद्रभाऊ यांना स्पीकरवर फोन लावला.

"समद्याच फळांवर वाढलं, ताई. त्याइले डॉलर वाचवाचे हायेत. वैर कायचं? तिथला व्यापारी मले पोरीच्या लग्नाले बोलावून राहिला."

हशा पिकला. पण एकाचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे; तिने त्या देशाचे राजपत्र उघडले. यादीत अकरा फळे होती, संत्रे सातवे.

पंजाबरावांनी आपले टिपण फाडले. "मंग बसून काहून राहिली? लिही."

'दिल्लीने सवलतीसाठी वाटाघाटी कराव्यात, असे आमचे ठाम मत आहे,' तिने लिहिले. तासाभरापूर्वी तिच्याजवळ मत नव्हते, फक्त एक प्रश्न होता.