झाडे : नाहीत

मातीच्या बांधावर झाड वाढू द्यायचं नाही, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम. मुळं खोल जातात, कुजतात आणि पाण्याला आतून वाट करून देतात. नव्या लोकांना मी हे तावातावानं समजावतो, पण ऑफिसात बसून. बांधावर नेत नाही, कारण तिथे माझं झाड आहे.

ते मी अठरा वर्षांपूर्वी लावलं, बांध पुरा झाला त्या आठवड्यात. नियम तेव्हाही पाठ होता, पण तो इतरांसाठी असतो असं वाटायचं. बांध छोटासाच. ओढ्याचा लोंढा अडवायचा, पाइपातून सावकाश सोडायचा आणि उरलेलं वर्ष रिकामं बसायचं, म्हणजे जवळपास माझ्यासारखंच काम. खाली साठ घरं, त्यातलं एक आमचं.

दरवर्षी तपासणीच्या फॉर्मवर 'झाडे' या रकान्यात मी 'नाहीत' लिहितो. उन्हात कागदावर डोळे दिपतात, म्हणून लिहायला झाडाखाली बसतो. शेजारी बाबा असतात. या बांधावर रोलर त्यांनीच फिरवला. आता गुडघे गेले, तरी रोज काठी टेकत इथवर येतात. त्यांना एवढाच विसावा उरलाय, ही सबब मी स्वतःला इतक्यांदा दिली की खरी वाटू लागली.

यंदा बांधामागे पाणी साठलेलं असताना झाडाच्या बरोबर खाली, उताराच्या पायथ्याशी ओल दिसली. आधी मी तिला दव ठरवलं. दुपारचे दोन वाजले होते. मग वाटलं, कुणाची गुरं बसली असतील. आसपास एकही जनावर नव्हतं. टाच दाबली तर चिखल वर आला. खालच्या घरांतून भांड्यांचे आवाज येत होते.

वर येऊन मी फॉर्म मांडीवर घेतला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी म्हणालो, "बाबा, झाड काढावं लागेल."

"लावलंस तेव्हाच काढायला हवं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातून तोवर काही जगलं नव्हतं रे. म्हटलं, एवढं एक जगू दे. पुढे वाटलं, आपणहून लिहिशील. दरवर्षी बघायचो."

म्हणजे इतकी वर्षं ते तो रकाना वाचत होते. मी आपला समजत होतो, चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'नाहीत' खोडून मी लिहिलं, 'एक. मी लावलेले.' खाली ओलीचं लिहिलं आणि तिथूनच साहेबांना फोन केला. साहेबांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली.

पाइपातून पाणी निघून गेल्यावर झाड मुळांसकट काढलं आणि खड्ड्यात थराथरानं माती भरली. रोलरवाला नवा होता. बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले, मी छत्री धरून मागे उभा. प्रत्येक थराला ते म्हणत, अजून एकदा फिरव म्हणावं, आणि मी तसं ओरडून सांगत होतो.

शेवटच्या थरापर्यंत माझा हात भरून आला. छत्री कलली आणि ऊन त्यांच्या तोंडावर आलं.

"झाड हलत नव्हतं," बाबा म्हणाले.

मी हात बदलला आणि छत्री सरळ धरली.