रिकाम्या बसचा चष्मा

मी व्हीआर चष्मा बोलतोय. नाकावर बसणारा नव्हे. अर्धं तोंड झाकून आत खोटं जग दाखवणारा. खोटं हा शब्द मीच वापरतो, म्हणजे तुम्हाला तसदी नको.

माझी उमेदीची वर्षं एका शिकवणी केंद्रात गेली. स्वमग्न मुलामुलींना रोजचे व्यवहार शिकवायचे, रस्ता ओलांडायचा, बस पकडायची. माझ्या आत कितीही चुका, कोणी हसत नाही. केवढा तोरा होता मला त्याचा!

तिथे छकुली आली. वय चोवीस, नाव बाबांनी लाडाने ठेवलेलं. एका लॉन्ड्रीत तिने टॉवेलच्या घड्या घालून दाखवल्या, कडेला कड. मालकीणबाई म्हणाल्या, "काम सोन्यासारखं आहे हो. पण यायचं तिचं तिने. महिनाभर जागा ठेवते."

बाबांची नजर अधू झालेली, गाडी चालवणं बंद. घरात दोघंच. "माझ्यामागे हिचं कसं होणार?" हा एकच घोर त्यांना. बसने तीन थांबे, एवढंच तर शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी मी बस भरून माणसं दाखवली. छकुली कानांवर हात दाबून किंचाळली. बाबांचा जीव खालीवर झाला. "मॅडम, जरा कमी करा ना हो!" शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्यातली गर्दी कमी केली. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. शेवटी शून्य, आवाजही शून्य. मग काय, पोरगी रोज खिडकीजवळच्या तिसऱ्या सीटवर ऐटीत बसे आणि बरोबर उतरे. "शंभरपैकी शंभर!" मॅडम म्हणाल्या. गर्दी पुन्हा वाढवायची राहूनच गेली. मुद्दाम नाही हो, तिला रडवायला कोणाचं मन होईना. आणि मी दीडशहाणा ते शंभर गुण मिरवत बसलो.

पुढचं बाबा मॅडमना सांगत होते, ते मी टेबलावरून ऐकलं. खऱ्या बसमध्ये ती पुढून चढली, बाबा गुपचूप मागून. तिसऱ्या सीटवर एक गृहस्थ बसलेले.

"ही माझी जागा आहे."

"का, नावाची पाटी लावलीय?"

लोक हसले. छकुली खाली बसली आणि दांडीवर डोकं आपटू लागली. एकाने मोबाइल काढला. "सरका, सरका" करत बाबा पोचेपर्यंत कपाळ फुटलं होतं.

लॉन्ड्रीतली जागा दुसरीला गेली. आता बसचा आवाज आला तरी छकुली पलंगाखाली शिरते. मॅडमनी ओशाळून मला छकुलीच्या घरी देऊन टाकलं.

रोज सकाळी आठला ती मला चढवते. रिकाम्या बसने जाते, तिसऱ्या थांब्यावर उतरते. त्यापुढे माझ्यात काहीच नाही, नुसता पांढरा उजेड. तिथे उभी राहून ती हवेत टॉवेलच्या घड्या घालते. कपाटावर आपटू नये म्हणून बाबा मागे उभे असतात.

"आटपलं का गं, बाळा?"

"अजून वीस राहिलेत."

"सावकाश कर."

मला कोणीतरी फोडून टाका, असं हात जोडून सांगणार होतो. पण मग तिचं हेही काम जाईल.